मुलींच्या ग्रुपमध्ये भूगोल नाही

आमच्या गावात दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मार्गदर्शन शिबिर भरतं. शहरातून आलेले कुणी साहेब माइक हातात धरून पोरांना सांगतात, "आवडीचा विषय निवडा. मनाचा कौल घ्या." मागच्या वर्षी सेवानिवृत्त म्हणून माझा सत्कार ठेवला होता, म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. नारळ हातात पडायच्या आत मी उठून घरी आलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला बसवत नसेल. बसवत होतं. ऐकवत नव्हतं.

मी एकतीस वर्षं कॉलेजात बाबू होतो. नागभीडपासून एस.टी.नं तासाभरावर असलेल्या एका गावात ते कॉलेज आहे, नाव लिहीत नाही. त्यातली सुरुवातीची आठ-नऊ वर्षं, म्हणजे ऐंशीच्या दशकातली, मी प्रवेशाच्या खिडकीवर काढली. त्या काळात आमच्याकडून बी.ए. झालेली माणसं आज 'मी इतिहास निवडला', 'मी समाजशास्त्र निवडलं' असं सांगतात. त्यांनी नाही निवडलं. मी निवडलं. खिडकीच्या अलीकडे बसून, निळ्या शाईनं, बहुतेक वेळा वर न बघता.

बाहेरच्या माणसाला हे नीट सांगायला हवं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी आणि मराठी सगळ्यांनाच. त्यावर तीन विषय आपल्या मर्जीचे घ्यायचे, असं विद्यापीठाचं पुस्तक म्हणायचं. प्रवेशाच्या फॉर्मचं तिसरं पान त्यासाठीच होतं. पण आमच्याकडे येणारी पोरं घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. कुणाचा बाप धानाच्या बांधीत, कुणाचा डेपोत लाकडं रचायला. ते तिसरं पान कोरंच यायचं. "बाबूजी, तुमीच भरून द्या ना जी," असं म्हणून पोरगा सही करायचा आणि एस.टी. पकडायला पळायचा.

आता कोरं पान कशानं भरायचं? तर वर्कलोडनं. प्राध्यापकाची नोकरी वर्गातल्या डोक्यांवर टिकते. विषयाला पुरेशी मुलं बसली तर तास मंजूर, तास पुरे भरले तर प्राध्यापक पूर्णवेळ. मुलं घटली की तास घटले, आणि पूर्णवेळचा अर्धवेळ. म्हणून जून उजाडला की मी, सगळ्यात खालचा कारकून, राजा होत असे. मराठीचे सर चहा पाठवत. इतिहासाचे सर स्वतः येऊन माझ्या स्टुलाशी उभे राहत आणि हळूच म्हणत, "रामटेके, माझ्याकडं अजून सहा टाका." टाका! पोत्यात धान टाकावं तसं. आणि मी टाकत होतो.

घुग्घुसच्या कोळसा खाणीत लोडर असलेला एक गडी आमच्या भागातला. तिशी ओलांडलेली. पाळी सांभाळून परीक्षेपुरता येणार होता. त्याला अर्थशास्त्र हवं होतं, कारण युनियनच्या मीटिंगमध्ये पुढारी काय बोलतात ते त्याला समजून घ्यायचं होतं. त्या आठवड्यात मराठी साहित्याला दोन मुलं कमी होती. मी त्याला मराठी साहित्यात बसवलं. दोन वेळा नापास होऊन त्यानं नाद सोडला. पुढं एकदा घुग्घुसच्या रस्त्यावर त्यानं धुळीतून मोटरसायकल थांबवून मला हाक मारली आणि हसत म्हणाला, "बाबूजी, तुमच्या कृपेनं अलंकार पाठ झाले. पुढारी का बोलते, ते मात्र आताबी समजत नाई." तो हसला म्हणून मीही हसलो. हसायला नको होतं.

आणि हे सगळं मी कुणाबरोबर करत होतो? माझ्यासारख्यांबरोबरच. माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मला अर्थशास्त्र घ्यायचं होतं. बँकेच्या परीक्षेला उपयोगी पडेल असं मोठ्या भावानं सांगितलं होतं. ज्या कॉलेजात गेलो तिथल्या बाबूनं फॉर्मवरचं माझं आडनाव वाचलं, 'बौद्ध ना?' एवढंच विचारलं आणि पाली लिहून मोकळा झाला. पालीबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या आईबापानं दीक्षा घेतली, त्या भाषेचा मला अभिमान आहे. पण ती मी निवडलेली नव्हती. माझं आडनाव बघून ती मला वाढली होती. हा राग पोटात ठेवून मी त्याच खुर्चीत जाऊन बसलो आणि तेच करू लागलो. याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

मुलींचं तर पान कोरं नसलं तरी चालत असे. आमच्याकडे गृह अर्थशास्त्र हा विषय होता. स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन. त्याला मुलगे बसत नसत, म्हणून सगळ्या मुली तिकडे. प्राचार्यांचा हा हुकूम तोंडी होता, कागदावर कधीच आला नाही. "मुलगी आली की गृह अर्थशास्त्र. विचारत बसू नका, रामटेके. विचारलं की त्या गोंधळतात."

कुसुम मडावी गोंधळलेली नव्हती.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. ती वैनगंगेच्या पलीकडची, धानोऱ्याकडच्या एका गोंड वस्तीतली. आमच्या गावच्या दवाखान्यात तिची मावशी आया होती, तिच्याकडे राहून शिकणार होती. बाकीच्या मुली तिघी-चौघी मिळून खिडकीशी येत आणि एकमेकींना पुढं ढकलत. ही एकटी आली. फॉर्म सरकवला, पण बोट तिसऱ्या पानावरच ठेवलं.

"विषय कोन्ते कोन्ते हायेत जी?"

"ते मी भरतो. तू सही कर."

"मले भूगोल पायजे."

खरं तर तिथंच तोंडी हुकूम सांगून टाकायचा. पण माझ्या खिडकीवर विषयाचं नाव घेऊन बोललेली ती त्या जूनमधली पहिलीच मुलगी होती, म्हणून मी विचारलं, "काऊन भूगोल?"

तिनं सांगितलं. आवाज न चढवता, एका दमात. "आमच्या बांधीवर जंगलखात्याचा नाकेदार आला होता. त्यानं कागद पसरला अन् म्हने, हे पाय, तुही बांधी जंगलात हाये, हे अतिक्रमण हाये. बाबानं पायलं, गाव-पाटलानं पायलं, शाळेतल्या गुरुजीनंबी पायलं. नाकेदार बोट ठेवे अन् सारे मान हालवत. समजलं कोनालेच नाई. नकाशा वाचनारा एकबी मानूस नाई आमच्या गावात. बाबानं आंगठा देल्ला. मंग मी गुरुजीले इचारलं, हे वाचाले कुठी शिकवतेत? ते म्हनले, कॉलेजात, भूगोलात."

कॉलेजात भूगोल होता. बोरकर सर शिकवत. खोलीत साखळी, टेप, नकाशे सगळं होतं, जागाही रिकाम्या होत्या. मी तिच्या तोंडावर म्हणालो, "मुलींच्या ग्रुपमध्ये भूगोल नाही."

असा ग्रुपच नव्हता. विद्यापीठाच्या पुस्तकात मुलींचा वेगळा कुठला ग्रुप नाही, तेव्हाही नव्हता. तिनं सही केली. मी गृह अर्थशास्त्र लिहिलं.

ऑगस्टमध्ये बोरकर सर माझ्या टेबलाशी आले. सडपातळ, अबोल माणूस, कधी कुणाकडे पोरं मागायला न आलेला. "रामटेके, माझ्या हजेरीपटात कुसुम मडावीचं नाव का नाही?"

"ती गृह अर्थशास्त्राला आहे, सर."

"ती महिनाभर माझ्या वर्गात बसते आहे. शेवटच्या बाकावर."

"तुम्ही आत कसं येऊ दिलं?"

"दार उघडं होतं," ते म्हणाले. "आणि परवा मी समोच्च रेषा शिकवल्या. डोंगर कागदावर कसा दाखवतात ते. अख्ख्या वर्गात तिलाच कळलं. विषय बदलाचा अर्ज भरा. अजून मुदत आहे."

मुदत होती. अर्जावर आधीच्या विषयाच्या प्राध्यापकांची सही लागायची, म्हणून मी पाठक मॅडमकडे गेलो. त्या गृह अर्थशास्त्राच्या, नागपूरच्या. घरी म्हातारी आई, भाऊ शिकत असलेला. वाईट बाई अजिबात नाही, मुलींना माया लावणाऱ्या. मी सगळं सांगितलं. नाकेदार, नकाशा, अंगठा. त्यांनी शिवणाचे नमुने बाजूला ठेवले.

"रामटेके भाऊ, मी कोणता विषय मागितला होता माहिती आहे? गणित. मॅट्रिकला मला गणितात सगळ्यांत जास्त मार्क होते. वडील म्हणाले, पोरीच्या जातीला गणित घेऊन कुठं जायचंय. मी आठ दिवस जेवले नाही. मग जेवले." मला वाटलं, आता सही करतील. "पण मी सही नाही करणार. एकोणीस मुली आहेत माझ्याकडं. ही गेली की उद्या दुसरी सही मागायला येईल. मला अर्धवेळ केलं तर घर कसं चालवू?"

तरीही मी कागद प्राचार्यांपुढं ठेवला. त्यांनी वाचलासुद्धा नाही. "एक गेली की सगळ्या जातील. आणि तुम्ही कोणाचे वकील? तुमची स्वतःची कायम होण्याची फाइल माझ्याकडं आहे ना?"

होती. मी कागद उचलला आणि बाहेर आलो.

दोन दिवसांनी कुसुम खिडकीशी आली. "बोरकर सर म्हनतेत, तसा काही नियम नाई. तुमी तर म्हनलं होतं, मुलीइले भूगोल नाई म्हून. कोन्त्या कायद्यात हाये ते दाखवा."

"आता मुदत संपली," मी म्हणालो. हेही खोटं होतं, अजून चार दिवस बाकी होते.

"बरं. मंग लिहून द्या. कुसुम मडावीले भूगोल देता येत नाई, अन् काऊन देता येत नाई, ते कागदावर लिहून द्या."

मी म्हणालो, "जेवणाची सुट्टी झाली," आणि खिडकीचं दार ओढून घेतलं. घड्याळात साडेअकरा वाजले होते. मागं बसलेले दोघं कारकून हसले. ती दाराच्या पलीकडं तशीच उभी होती. फटीतून तिच्या पातळाचा काठ दिसत होता. किती वेळ उभी होती सांगता येत नाही, मला तो फार वाटला.

ती भूगोल शिकली. वर्षभर शिकली, हजेरीपटात नाव नसताना. गृह अर्थशास्त्राच्या तासाला ती बोरकर सरांच्या वर्गात असे. मैदानावर मुलं साखळी ओढून मोजणी करत तेव्हा दुसरं टोक हिच्या हातात असे. सुरुवातीला पोरं टवाळी करत, पुढं हिच्याच वहीवरून आकृत्या उतरवू लागली. दिवाळीच्या सुट्टीत बोरकर सर साखळी आणि टेप पिशवीत घालून एस.टी.नं वैनगंगेपलीकडं तिच्या गावाला गेले. जंगलखात्याच्या हद्दीचे दगडी मुनारे तिथं अजून शाबूत होते. त्या मुनाऱ्यांपासून दोघांनी मिळून तिच्या बापाच्या तीनही बांध्या मोजल्या आणि तिनं त्यांचा नकाशा काढला. तो मी पाहिला. टपोऱ्या, स्वच्छ अक्षरात नाल्याचं नाव गोंडीत आणि मराठीत, दोन्हीत लिहिलेलं होतं. तिच्या हिशेबानं दोन बांध्या हद्दीच्या बाहेर होत्या आणि एकीचाच काही भाग आत.

मार्चात परीक्षा झाली. गृह अर्थशास्त्राला ती नापास झाली. व्हायचीच. त्या वर्गात ती बसलीच नव्हती. प्रात्यक्षिकाची फाइल नाही, शिवलेलं झबलं नाही. गुणपत्रिका माझ्याच हातून गेली.

तहसिलात तिच्या बापाच्या अतिक्रमणाची सुनावणी लागली होती. ती पुन्हा खिडकीशी आली, या वेळी एक साधी मागणी घेऊन. वर्षभर भूगोलाच्या वर्गात बसली, एवढं लिहिलेला कॉलेजचा दाखला. बोरकर सरांनी कोऱ्या कागदावर स्वतःच्या नावानं पत्र लिहून दिलं होतं, पण कॉलेजचं काही हवं होतं. मी दाखला टाइप केला. हो, टाइप केला. मग सहीच्या जागेकडे बघत बसलो, कागद रोलरमधून काढला आणि फाडला. "प्राचार्य सही करणार नाहीत," मी म्हणालो. माझ्या कायम होण्याच्या फाइलीवर तरी त्यांची सही कुठं झाली होती?

सुनावणीत काय झालं ते बोरकर सरांनी मला सांगितलं. ते तिच्याबरोबर गेले होते. तहसीलदार साहेबांनी विचारलं, हा नकाशा कोणी काढला? ती म्हणाली, मी. शिक्षण काय? बी.ए. पहिलं वर्ष. विषय? भूगोल. जंगलखात्याच्या बाजूनं आलेल्या माणसानं गुणपत्रिका मागितली. वाचली आणि मोठ्यानं हसला. "साहेब, हिचा विषय गृह अर्थशास्त्र. त्यातही नापास. चूल जमली नाही ती आता जंगल मोजते." कचेरीत सगळे हसले. बोरकर सर उठून बोलू लागले, तर साहेब म्हणाले, "तुमचं बरोबर असेल हो, पण तुमच्याच कॉलेजचं रेकॉर्ड वेगळं सांगतं." तिचा नकाशा घडी न उलगडता परत दिला.

तुमच्याच कॉलेजचं रेकॉर्ड. म्हणजे मी. माझं अक्षर. आज चाळीस वर्षांनी हे लिहिताना माझे कान तापतात. त्या हसणाऱ्या माणसाचा मला राग येतो, प्राचार्यांचा येतो, ज्यानं प्राध्यापकाची भाकरी पोरींच्या डोक्यांवर मोजायचं ठरवलं त्या अज्ञात शहाण्याचा येतो. पण त्या रांगेत माझा नंबर पहिला आहे आणि तो मी कुणाला देणार नाही.

बोरकर सर थांबले नाहीत. त्यांनी तिच्या बापाच्या नावानं सरकारी मोजणीचा अर्ज केला, खेटे घातले. पुढच्या हिवाळ्यात मोजणीवाले आले. दोन बांध्या हद्दीबाहेर निघाल्या आणि तिसरीचा कोपरा आत. तिच्या नकाशात आणि सरकारी मोजणीत फरक नव्हता, हे सर मला मुद्दाम येऊन सांगून गेले. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. तोवर एक अख्खं पीक गेलं होतं. सुनावणीत मनाई झाली होती म्हणून त्या पावसाळ्यात तिन्ही बांध्यांत धानाची रोवणी झाली नव्हती. कुसुमनं कॉलेज सोडलं. पुढं आजूबाजूच्या गावांतली माणसं आपापले कागद घेऊन तिच्याकडं जातात, असं कानावर येई. डिग्री मात्र तिला मिळाली नाही. तिच्या वर्गातल्या, तिच्या वहीवरून आकृत्या उतरवणाऱ्या दोन मुलांना मिळाली. त्यातला एक भूगोलाचा मास्तर झाला.

अजून एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तिच्यामुळं माझा संताप निवत नाही. पुढच्याच वर्षी पाठक मॅडमकडच्या मुली एकोणीसवरून चौदावर आल्या. काही लग्न होऊन गेल्या, काही आल्याच नाहीत. त्यांची नोकरी पूर्णवेळच राहिली. काही कोसळलं नाही. ज्या एका मुलीला सोडलं तर आभाळ पडेल म्हणून आम्ही तिघं-चौघं शहाणी माणसं वाट अडवून उभी होतो, तिला सोडलं असतं तर काहीही झालं नसतं.

तीन वर्षांनी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, खिडकीशी दोन बाया उभ्या राहिल्या. एक कुसुम, दुसरी तिची धाकटी बहीण शांता, बारावी झालेली. मी कायम झालो होतो. माझी खुर्ची पंख्याखाली आली होती. मी उठून उभा राहिलो. का उठलो मला माहीत नाही.

"ये, बस. कशी आहेस?" मी म्हणालो.

"बरी हाये जी." तिनं फॉर्म सरकवला. चारही पानं भरलेली. तिसऱ्या पानावर, शाईनं, टपोऱ्या अक्षरात भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र. आणि त्या पानावर जिथं जिथं कोरी जागा उरली होती तिथं तिथं तिनं पट्टीनं आडव्या रेघा मारल्या होत्या, कुणाला एक अक्षरही घुसवता येऊ नये म्हणून.

तेवढ्यात प्राचार्य केबिनच्या दारात आले. तेच होते. "गृह अर्थशास्त्राच्या किती झाल्या, रामटेके?"

"अकरा, सर. ही भूगोलाला जाते आहे."

"कोणी पाठवलं तिला भूगोलाला?"

"तिनं मागितलं, सर," मी म्हणालो. "आपल्याकडं भूगोल आहे."

आवाज माझाच होता, पण मला तो ओळखीचा वाटला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खिडकीबाहेर उभ्या असलेल्या दोघींकडं पाहिलं, आणि आत गेले. एवढंच. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते एवढंच होतं.

मी फॉर्मला नंबर घातला, नोंदवहीत नाव लिहिलं, विषय लिहिले, आणि फॉर्म मिळाल्याची पोच फाडून दिली. माफी मागावी असं मनात होतं. म्हणालो, "कुसुम, त्या वेळी मी..."

ती ऐकत नव्हती. पोच वाचत होती. बहिणीचं नाव, तारीख, विषय, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग कागद उलटून मागची बाजूही पाहिली. आणि पोच खिडकीतून माझ्याकडं परत सरकवून म्हणाली,

"शिक्का राह्यला, बाबूजी."

मी शिक्का मारला.